ब्रेक मऊ लागतोय

(कोपरखैरण्यातल्या एका सोसायटीचं पार्किंग. रविवारची सकाळ. रणजीत, त्याची बायको ज्ञानेश्वरी आणि वडील हौसेराव. पांढऱ्या इलेक्ट्रिक गाडीच्या डिकीत एक बॅग, बंपरवर वाळू.)

ज्ञानेश्वरी: बॅग बाहेर काढायची नाही.

रणजीत: अगं, जॅक बॅगेखाली आहे.

ज्ञानेश्वरी: मग जॅक काढा आणि बॅग परत ठेवा. ब्रेक नीट झाला की मी कोरेगावला आईकडे जाणार. ठरलंय ते.

रणजीत: बायकोला घर सोडून जाता यावं म्हणून नवराच गाडी रिपेअर करतोय. असं कुणी करतं का?

ज्ञानेश्वरी: एसटीनं गेले असते. पण मग तुम्ही म्हणाला असतात, बघ, गाडीला काही झालंच नव्हतं.

रणजीत: अ‍ॅपवर अजून 'गाडी उत्तम स्थितीत' दाखवतंय. मी विश्वास कुणावर ठेवायचा?

ज्ञानेश्वरी: गणपतीपासून सांगतेय, ब्रेक मऊ लागतोय. तुम्ही म्हणालात, मनाचे खेळ आहेत. मग म्हणालात, तुझी चप्पल मऊ आहे. आज पारसिक हिलच्या उतारावरून फोन केला, पेडल तळाला गेलंय, गाडी थांबत नाही. तर काय म्हणालात?

रणजीत: मी घाईत होतो.

ज्ञानेश्वरी: काय म्हणालात?

रणजीत: बंद करून चालू कर.

ज्ञानेश्वरी: उतारावर.

रणजीत: सपोर्टला बसून दिवसभर तेच सांगतो गं लोकांना. तोंडात बसलंय. बहुतेकांचं होतं पण त्यानं काम.

ज्ञानेश्वरी: समोर लाफ्टर क्लब. मी हॉर्न मारत येतेय आणि ते हात वर करून हसतायत. एका आजोबांनी मलाही हात वर करायची खूण केली. हँडब्रेक ओढून वाळूच्या ढिगात घातली नसती, तर ते हसतच गेले असते.

हौसेराव: मी काय म्हंतो, रणजीत...

रणजीत: आबा, तुम्ही जरा थांबा. आधीच सर्व्हिस सेंटर पुढच्या आठवड्याचं बोलतंय. शिरवण्याचा मेकॅनिक म्हणतो, बॅटरीवाली गाडी, हात लावला तर मी चिकटेन. आणि व्हिडिओ सापडला त्यातला माणूस पोर्तुगीज बोलतोय.

हौसेराव: जलमभर टेम्पो चालवला म्या मार्केटात. ब्रेकची हवा काढाया पोर्तुगीज लागत न्हाई. सूनबाई, गाडी गार झाल्यावर पेडल वर आलं का?

ज्ञानेश्वरी: आलं की. आता बरं लागतंय. तापली की मऊ होतं.

हौसेराव: मग ऑइलात पानी हाय. तापलं की त्याची वाफ व्हती. ऑइल दबत न्हाई, वाफ दबती. पाय नुस्ता वाफंवर पडतोय.

रणजीत: ब्रेक ऑइलचा डबा बंद असतो, आबा. त्यात पाणी कुठून येणार?

हौसेराव: कंचा डबा?

रणजीत: हा काय, पिवळ्या टोपणाचा.

हौसेराव: हां.

रणजीत: हां काय?

हौसेराव: त्यो पान्याचा न्हवं?

रणजीत: आबा!

हौसेराव: आरं, पानी बघितल्याबिगर गाडी काढायची न्हाई, ही माजी जलमाची सवय. ह्या गाडीत बघाया काय ठेवलंच न्हाई. सगळं झाकलेलं. ह्याच डब्याचं टोपण निघालं. रेघंच्या खाली दिसलं की घोटभर घालायचो. फिल्टरचं घातलंय, नळाचं न्हाई.

रणजीत: फिल्टरचं! देवा. मी काय करू आता? कुठं जाऊ?

ज्ञानेश्वरी: त्यांच्यावर ओरडू नका. ते निदान बॉनेट उघडून बघत तरी होते.

रणजीत: मला कधी कळलंच नाही गं. पाय उचलला की ही गाडी मोटरवरच आवरते, ब्रेक लागतच नाही फारसा. फक्त बॅटरी फुल असली की ते आवरणं बंद, मग सगळा भार ब्रेकवर.

ज्ञानेश्वरी: आणि काल रात्री फुल कुणी केली?

रणजीत: मी.

हौसेराव: झालं. आता सगळं जुनं ऑइल काढा. चारी चाकांचं. डब्यापासनं सगळ्यात लांबचं चाक आधी धरा.

रणजीत: ज्ञाना, पेडलवर बस. आबा, हे आणलेलं नवीन ऑइल तुम्ही ओता.

हौसेराव: मी? परत?

रणजीत: हात बसलाय तुमचा. डबा रिकामा होऊ द्यायचा नाही, बस. ज्ञाना, दाब. मी चाकामागचा ऑइल सोडायचा निपल उघडतो. बंद म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा आत जाईल.

ज्ञानेश्वरी: दाबलंय.

रणजीत: उघडला. हे बघ, चहासारखं ऑइल येतंय. बंद. उचल.

ज्ञानेश्वरी: एवढं हळू का चाललंय?

रणजीत: शेवटचं चाक झालं की तू जाणार आहेस. घाई कुणाला आहे?

हौसेराव: कामात रडू नगं, परत पानी नळीत जाईल.

रणजीत: चौथं झालं. स्वच्छ येतंय आता. कसंय पेडल?

ज्ञानेश्वरी: अजून मऊ आहे.

रणजीत: नाही गं, आता तर सगळं...

ज्ञानेश्वरी: सगळं काय?

रणजीत: काही नाही. मऊ आहे म्हणतेस ना? परत करू. पहिल्या चाकापासून.

ज्ञानेश्वरी: अ‍ॅपला विचारा की.

रणजीत: अ‍ॅपला पाय नाहीत. दाब.

हौसेराव: ह्या चाकातनं बुडबुडं आलं बघ! पोरगी खरं सांगतीय.

रणजीत: दिसलं आबा. दाब, ज्ञाना. बंद. उचल. परत. आता?

ज्ञानेश्वरी: आता घट्ट आहे. सपाटीवर दोन चकरा मारून बघते. बाजूला व्हा दोघं.

रणजीत: आबा, जागच्या जागी थांबवली तिनं. कचऱ्याच्या डब्याच्या अगदी अलीकडं.

हौसेराव: मग? झालं तुजं काम. गेली ती आता.

ज्ञानेश्वरी: आबा, निघते मी. गोळ्या वेळेवर घ्या.

हौसेराव: मी बी येतो. हितं मला बघाया आता पानी बी ऱ्हायलं न्हाई.

रणजीत: आबा, ते तिचं माहेर आहे!

हौसेराव: मग माजं कुठं हाय?

ज्ञानेश्वरी: बसा आबा, पुढं बसा. पट्टा लावा.

रणजीत: आणि मी?

ज्ञानेश्वरी: हाताला ऑइल आहे तुमच्या. आधी साबणानं धुवा.

रणजीत: तोवर निघणार नाहीस ना?

ज्ञानेश्वरी: धुवून तर या.