माईणकर मॅडम आणि ऐकू येणारे आलेख

काका, मॅडमच्या सांगलीच्या बहिणी, कॉलेजचे सर आणि मॅडम लोक, आणि तुम्ही सगळे जे आज इथे आलात. नमस्कार.

मी रेवती पवार. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी हो म्हटलं. का म्हटलं, मालूम नाही. हॉल भरलेला आहे, असं बाबांनी आत्ता कानात सांगितलं. मला दिसत नाही, जन्मापासून. त्यामुळे कोण कुठे बसलंय ते मला ठाऊक नाही. मी समोर तोंड करून बोलते. चुकून भिंतीकडे बोलत असले तर सांगा.

मॅडम गेल्या त्या सकाळी मी ऑफिसात होते. काकांचा, म्हणजे मॅडमच्या यजमानांचा, फोन आला. काका म्हणाले, "रेवती, अपर्णा गेली. स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसली होती. तास घ्यायला उठायची होती. उठलीच नाही." मी म्हटलं, "बरं काका." माझ्यासमोर गोदामातल्या मालाचा आलेख अर्धा ऐकून झाला होता. मी तो पूर्ण ऐकला. शेवटपर्यंत ऐकला, मग हेडफोन काढले आणि उठले.

तेव्हापासून तसंच चालू आहे. मला रडू आलेलं नाही. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, "रो ले यार, हल्का लगेगा." येत नाही. काय करू? पोहे खाते, ते कागदासारखे लागतात. लोक बोलतात, ते लांबून ऐकू येतं. म्हणून आज मी मोठं काही बोलणार नाही. जे झालं तेवढं सांगते.

मी बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलं. घेऊ नकोस, असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात मॅडम फळ्यावर आलेख काढत होत्या. म्हणाल्या, "बघा, ही रेषा आधी अशी जाते, मग अशी वळते." मी हात वर केला. म्हटलं, "मॅडम, अशी म्हणजे कशी?" वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. खडू खाली ठेवल्याचा आवाज आला. म्हणाल्या, "थांब हं. अशी म्हणजे कशी, हे मला शब्दांत सांगता यायला पाहिजे. आज नाही येत मला. उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी त्या पुठ्ठा घेऊन आल्या. त्यावर गोंदाने सुतळी चिकटवलेली. ती काकांनी चिकटवली होती. हो ना काका? मी बोट फिरवलं आणि मला पहिल्यांदा कळलं की लोक आलेख म्हणतात ते काय असतं.

पण सुतळी वाळायला वेळ लागतो. आणि पुस्तकात आलेख किती! मोबाइल उघडला की त्याहून जास्त. हवामान, भाव, निवडणूक, सगळं रेषांमध्ये. माझा फोन मला मजकूर वाचून दाखवतो, पण आलेख आला की म्हणायचा, "चित्र." बस. एवढंच. चित्र.

मॅडमला हे फार लागलं. तेव्हा त्यांनी शोधून काढलं की इंटरनेटवरचे हे आलेख ज्या साधनांनी काढतात, त्यांतली कितीतरी खुली आहेत. म्हणजे काय, ते मॅडम जसं मला सांगायच्या तसं सांगते. "रेवती, त्या चित्राच्या मागे जे लिहिलेलं असतं ना, ते कुणीही उघडून वाचू शकतं. कुणीही बदलू शकतं. आणि आपला बदल परत सगळ्यांना देऊ शकतं. मग आपण का नको?" मी म्हटलं, "मॅडम, तुम्हाला प्रोग्रॅमिंग येतं?" म्हणाल्या, "नाही. तुला संख्याशास्त्र येत होतं का?"

तेव्हा त्यांची पन्नाशी उलटलेली होती. कॉलेज करून, घरचं करून त्या शिकल्या. जगभरचे लोक जिथे अशा साधनांबद्दल बोलतात तिथे जाऊन प्रश्न विचारायच्या. एकदा तिथे कुणीतरी लिहिलं, अंध लोक आलेख वापरतात तरी किती, त्यांच्यासाठी एवढी मेहनत कशाला? मॅडमने उत्तर लिहिलं, "माझ्या वर्गात एक आहे." पुढे वाद घातला नाही. कामाला लागल्या.

कल्पना साधी होती. रेषा वर चढली की सूर चढेल, खाली आली की उतरेल. डावीकडून सुरू होईल, उजव्या कानात संपेल. आणि बाणाची बटणं दाबून एकेका आकड्यावर थांबता येईल. नाव ठेवलं, चढउतार.

पहिला आवाज ऐकला तेव्हा, माफ करा, कुकरची शिट्टी वाटली. मी म्हटलं, "मॅडम, डोकं दुखतंय याने." म्हणाल्या, "गुड. आता सांग, काय बदलू?" असं कितीतरी दिवस चाललं. कॉलेज सुटलं की मी त्यांच्या घरी. बाबा सांवेर रोडच्या कारखान्यातून सुटले की मला घ्यायला यायचे आणि दारातच म्हणायचे, "बेटा, मॅडमला किती त्रास देऊन राहिली तू?" मॅडम आतून ओरडायच्या, "पवारजी, बसा. त्रास मी देतेय तिला."

मग एक दिवस मॅडम म्हणाल्या, "हा ऐक. कशाचा आहे ते नाही सांगणार."

मी ऐकलं. सूर हळूहळू चढत गेला, खूप वर गेला. मग एकदम धपकन खाली. तिथे जरा सपाट राहिला. मग थोडासा, अगदी थोडासा परत वर आला, आणि शेवटी उतरत गेला. मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. आणि म्हटलं, "मॅडम, हा इंदूरचा उन्हाळा आहे ना? हा मे, हा पाऊस पडला, आणि हा... हा ऑक्टोबर!" ऑक्टोबरचं ऊन माझ्या अंगाला माहीत होतं. कॉलेजच्या बस स्टॉपवर दर वर्षी लागायचं. पण ते एखाद्या रेषेतही असतं, हे मला माहीत नव्हतं.

काकांनी स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं गं?" तेव्हा मॅडम म्हणाल्या, "हिने आलेख वाचला." आवाज जरा वेगळा होता त्यांचा. बस, एवढंच आठवतं.

परीक्षेची गोष्ट इथल्या सर लोकांना ठाऊक आहे. परीक्षा विभागातून सांगितलं होतं की आलेखाचा प्रश्न हिने सोडून द्यावा, आम्ही सरासरी गुण देऊ. भलेपणानेच सांगितलं. लॅपटॉप मात्र नाही. "मॅडमजी, नियम में नहीं है." मॅडम मला घेऊन तिथे गेल्या. पुन्हा गेल्या. परत गेल्या. दर वेळी तेच बोलायच्या, आवाज न चढवता. "सरासरी म्हणजे काय, हे मी तिला शिकवलंय. तिला सरासरी नकोय. तिला तिचे गुण हवेत." शेवटी तिथले साहेब म्हणाले, "आप थकती नहीं हो क्या?" मॅडम म्हणाल्या, "थकती हूँ. कल फिर आऊँगी."

लॅपटॉपला परवानगी मिळाली. मी ऐकून सांगितलं, लेखनिकाने उत्तर लिहिलं. आणि मी त्या प्रश्नात चुकले! दोन रेषा होत्या, त्या कुठे एकमेकींना छेदतात ते मी चुकीचं सांगितलं. निकालानंतर मी मॅडमकडे तोंड पाडून गेले. त्या खूश होत्या. म्हणाल्या, "मी आपलं सॉफ्टवेअर तपासलं. ते बरोबर वाजतंय. चूक तुझी आहे, बाकी सगळ्या पोरांसारखी." इतक्या खूश की काय सांगू. काकांना सांगायला लागल्या, "अहो, ही चुकली!"

चढउतार त्यांनी सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. कुणी म्हणालं, विका की. त्या म्हणाल्या, "ज्यांचं उघडून मी शिकले त्यांनी दार लावलं असतं, तर?" मग ब्राझीलच्या एका संगीतशिक्षकाने ते उघडून पाहिलं. त्यांनाही दिसत नाही. त्यांनी लिहिलं, तुमचे सूर बेसूर आहेत, मी लावून देतो. आणि खरोखर लावून दिले. आज ते ऐकायला बरं वाटतं ते त्यांच्यामुळे. चढउतार हे नाव त्यांना कधी नीट उच्चारता आलं नाही. शादूतार म्हणतात. मॅडमला ते आवडायचं.

मागच्या वर्षी मॅडमने मला त्या कामाची मालकीण केलं, त्यांच्या जोडीने. म्हणजे कुणाचा बदल आत घ्यायचा ते मीही ठरवणार. मी म्हटलं, "मला कशाला? तुम्ही आहात ना." म्हणाल्या, "घराची किल्ली एकाच माणसाकडे ठेवतात का वेडे?"

आता एक शेवटचं.

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉम्प्युटर लावला. सवयीने. चढउतारच्या पानावर एक निरोप होता. लांबच्या एका देशातल्या शाळेतल्या बाईंचा. लिहिलं होतं, "मॅडम, ब्राउझर नवा झाला आणि तुमचे आलेख मुके झाले. माझ्या विद्यार्थिनीची परीक्षा आहे. तुम्ही आहात का?"

तुम्ही आहात का?

काय लिहायचं होतं मी? मग लिहिलं, "मॅडम नाहीत. त्या परवा गेल्या. मी रेवती, त्यांची विद्यार्थिनी. कोणता ब्राउझर आहे ते सांगा." आणि कामाला बसले. ब्राझीलच्या सरांना कळवलं, तेही बसले. आम्ही बोललो ते फक्त कामाचं. नव्या ब्राउझरमध्ये माणसाने आधी एखादं बटण दाबल्याशिवाय आवाज सुरूच होत नव्हता. आम्ही सुरुवातीला तसं बटण लावलं. दुपार झाली होती. आईने ताट आणून ठेवलं होतं, ते तसंच होतं.

संध्याकाळी त्या बाईंचं उत्तर आलं. दोनच शब्द. फोनने मला वाचून दाखवले.

"ऐकू आलं."

बाबांनी विचारलं, "काय झालं बेटा?" मी म्हटलं, काही नाही.

मॅडम, मला अजून रडू येत नाही. येईल तेव्हा येईल. किल्ली माझ्याकडे आहे, आणि दार उघडं आहे. एवढंच सांगायचं होतं तुम्हाला.

आता आपण सगळे मॅडमसाठी उभे राहू या. तुम्ही उठलात की नाही हे मला दिसणार नाही. खुर्च्या वाजतील तशी मी ऐकत राहीन. शेवटची खुर्ची वाजून थांबली की मीही गप्प राहीन.

मॅडम, नमस्कार करते.