कटर खाली, पुष्पा वाचतेय

बायांनो, भावांनो, आणि मागे उभी असलेली तरणी पोरं, तुम्हीसुद्धा. हा माइक जरा खाली करा कोणीतरी. मी बुटकी बाई, आणि तो सुनीलच्या उंचीचा लावलाय. हां. आता येतंय ऐकू?

किती माणसं आलीत. डिंडोलीतली तर आलीच, नामदेवभाऊंच्या जुन्या डाइंग मिलमधली माणसं पांडेसऱ्याहून आली. समोरच्या गुजराती शेजारणी पांढऱ्या साड्या नेसून आल्या, त्यांच्या बेसण्याला, म्हणजे शोकसभेला, येतात तशा. पुष्पाने ही गर्दी बघितली असती तर म्हणाली असती, "जिजी, एवढी माणसं जमवली आणि गोष्ट एकही नाही?"

सुनील मला म्हणाला, "जिजी, आईबद्दल दोन शब्द बोला." बाबा रे, मी दुसरीपर्यंत शिकलेली. शाळेत कमी आणि शेळ्यांमागे जास्त. पण माझं दोन शब्दांत भागत नाही हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. हा फोटो इथे ठेवलाय, त्यात ती हसतेय. बघितलं की वाटतं, आत्ता चष्मा लावेल आणि विचारेल, "काल कुठे होतो आपण?" म्हणून मी फोटोकडे पाठ करून बोलते. पुष्पा, राग मानू नको.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पुष्पा माझी भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. ती अमळनेरकडची, मी शहाद्याकडची. दोघी सुरतेला आलो त्या नवऱ्यांच्या मागे. तिचे मालक नामदेवभाऊ रंगखात्यात, माझे लूमवर. आणि आम्ही बाया दुपारच्या वेळी पुष्पाच्या ओट्यावर साड्यांचे धागे कापायला बसायचो. भरतकामाच्या साडीला मागून लोंबते धागे असतात ना, ते कटरने कापायचे. टेम्पोवाला पोटलं, म्हणजे साड्यांचा गठ्ठा, टाकून जातो, संध्याकाळी घेऊन जातो. हात चालतो, डोकं रिकामं. मग रिकामं डोकं काय करणार? कोणाची सून कशी, कोणाची सासू कशी.

एके दिवशी पुष्पा पोटलं न उघडता पुस्तक उघडून बसली. मी म्हटलं, "काय वाची ऱ्हायनी व तू?" म्हणाली, "यंत्राची गोष्ट आहे जिजी. घरकाम करणाऱ्या यंत्राची." आमच्यातली सरला म्हणाली, "अहो पुष्पाताई, वाचायचंच तर सासू-सुनेचं काहीतरी वाचा." पुष्पा म्हणाली, "ते आपल्याकडे कमी आहे का? ते तर फुकट चाललंय सकाळपासून."

हसा, हसा. नामदेवभाऊ, तुम्हीही हसा. तिला चाललं असतं.

तर ती वाचू लागली, आणि आम्ही तिच्या वाटणीच्या साड्या आपापसात वाटून घेतल्या. तेव्हापासून तोच रिवाज पडला. वाचणारीने कापायचं नाही. तिचं पोटलं ऐकणाऱ्यांनी कापायचं. कोणी ठरवलं नाही, कोणी कुरकुरलं नाही. सरलासुद्धा नाही, आणि सरला कशावरही कुरकुरते. बघा, मान हलवतेय.

त्या गोष्टीतलं यंत्र भांडी घासायचं, पोळ्या लाटायचं, मुलं झोपवायचं. आणि एक दिवस त्याची मालकीण त्याला काही बोलली, आणि ते रुसलं. कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं. कंपनीची माणसं आली, बिघाड शोधू लागली. बायांनो, आठवतंय? मी ओरडले होते, "अरे बिघाड कसला, ती रुसलीय! तिला जेवलीस का म्हणून विचारा!" पुष्पाने पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे अशी बघत राहिली. म्हणाली, "जिजी, हे मत झालं."

मत! हा तिचा लाडका शब्द. वाचून झालं की प्रत्येकीने मत द्यायचं. मी तिला "छान होतं" म्हटलं की चिडायची. "छान तर लग्नातल्या जेवणालाही म्हणतात. मत सांगा." जन्मात मला कोणी मत विचारलं नव्हतं. मतदानाला जाते तेव्हासुद्धा आमचे मालक वाटेत सांगायचे कुठलं बटण ते. आणि ही मला विचारायची, एका गोष्टीतल्या चांदण्यातल्या राणीचं चुकलं का, त्या यंत्राला जीव आहे का. घरी जाऊन भाकरी थापताना मी विचार करायची, उद्या काय मत देऊ. पहिली भाकरी करपायची. नातवंडं म्हणायची, आजीने आज पुन्हा पुस्तक ऐकलंय.

पुष्पा त्यांना विज्ञानकथा म्हणायची, आणि दुसऱ्या होत्या त्या अद्भुत. मी आपलं वरच्या गोष्टी आणि जादूच्या गोष्टी म्हणायची. जादूच्या गोष्टींत एक राजा होता, त्याचा अंगरखा असा की राजा खोटं बोलला की रंग उतरायचा. एक खोटं, थोडा रंग गेला. भर दरबारात राजा पांढराफटक. आणि आतून खाटेवरून नामदेवभाऊंचा आवाज, "वाफ कमी दिली असेल. वाफ नीट दिली असती तर रंग गेला नसता." पुष्पा म्हणाली, "अहो, जादूचा अंगरखा आहे!" भाऊ म्हणतात, "जादूचा असो नाहीतर जरीचा, वाफ लागतेच." झालं! सगळी दुपार त्यातच गेली. पुष्पा हसून हसून वाचूच शकली नाही. पण दुसऱ्या दिवशी म्हणाली, "ह्यांचं मत मी विचारात घेतलंय. ज्या कारागिराने तो अंगरखा रंगवला त्याने मुद्दाम वाफ कमी दिली असेल तर?" आणि ती गोष्टच आम्हाला वेगळी दिसायला लागली. अशी होती ती. कोणाचंही बोलणं वाया जाऊ द्यायची नाही.

आता मी मुख्य गोष्टीवर येते. सुनील घड्याळ बघतोय. बघू दे.

एकदा काय झालं, एका गोष्टीत समुद्राखालच्या शहराची भिंत फुटणार होती. आतमध्ये लेकरं झोपलेली. पाणी आत येतंय, पुष्पाचा आवाज चढतोय, आणि सरलाचा हात कापता कापता साडीतच गेला. धाग्याच्या जागी साडी कापली! नवीकोरी, मोरपंखी. संध्याकाळी टेम्पोवाल्यासमोर सरला रडवेली उभी. पुष्पा पुढे झाली. म्हणाली, "दादा, चूक हिची नाही. गोष्ट माझी होती." तो बिचारा बघतच राहिला. त्याला काय कळणार भिंत फुटली होती ते.

दुसऱ्या दिवसापासून नियम झाला. पुढे काही भयंकर येतंय असं वाटलं की पुष्पा आधी हाक द्यायची, "कटर खाली!" आम्ही कटर जमिनीवर ठेवायचो, हात मांडीवर, श्वास रोखून. त्या दोन शब्दांनी अख्खा ओटा थांबायचा हो. गल्लीतून जाणारा भाजीवाला थांबायचा. त्यालाही कळलं होतं की आता कोणीतरी मरणार.

पण पुष्पाची लबाडी सांगू का? कधीकधी ती हाक द्यायची आणि पुढे काहीच व्हायचं नाही. आम्ही कटर ठेवून बसलोय आणि गोष्टीतला माणूस नुसता चहा पितोय. खिडकीतून बाहेर बघतोय. पान संपलं तरी चहाच पितोय! सरला म्हणायची, "पुष्पाताई, उगाच घाबरवता." पुष्पा म्हणायची, "मला वाटलं, काहीतरी होईल." ती पुढचं पान आधी वाचून ठेवत नसे. आमच्याबरोबरच वाचायची. म्हणून आम्हाला वाटे, चुकली असेल.

खरं काय ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं. थंडीत माझी बोटं सुजतात, कटर धरवत नाही. मी कोणाला बोलत नाही. पण त्या दिवसांत त्या गोष्टींतली माणसं फार चहा प्यायची. मग मी नीट बघायला लागले. आमच्यातल्या मीराला दिवस गेले होते तेव्हाही तसंच. सरलाचा खांदा धरला होता तेव्हाही तसंच. पुस्तक वाचता वाचता ती चष्म्यावरून आमचे हात बघायची. पुस्तकात भयंकर काही नसलं तरी हाक द्यायची, "कटर खाली." मी तिला हे कधी बोलले नाही. बोलले असते तर तिने थांबवलं असतं. आणि मला तो चहा आवडायचा.

म्हणून आज बोलते. आज तिला थांबवता येणार नाही.

आता सध्याचं पुस्तक. तेही वरच्याच गोष्टींतलं. एक मोठं यान निघालंय दूरच्या ताऱ्याकडे. वाट एवढी लांब की बसले ते वाटेतच म्हातारे होऊन मरणार, आणि त्यांची नातवंडं-पतवंडं पोचणार. पहिल्या दिवशीच मी म्हटलं, "हे तर आपणच. खानदेशातून निघालो, आता नातवंडं गुजरातीत भांडतात." त्यात एक म्हातारी आहे. तिने पृथ्वीवरची माती पाहिलेली नाही, पण आईकडून ऐकलेलं मुलांना सांगते, मातीचा वास कसा असतो ते. मुलं हसतात तिला. मला ती म्हातारी फार भारी वाटते. फक्त एक तक्रार आहे माझी. त्या यानात बाळंतपणं कोण करतं ते लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही. एवढे इंजिनिअर चढवले, एक सुईण चढवली नाही. हे माझं मत.

त्या यानात सगळी तरंगतात. का तरंगतात ते पुष्पाला सांगता येईना. तेव्हा तिने हाक मारली, "काजल, हे गुरुत्वाकर्षण काय असतं गं?" काजल म्हणजे तिची सून. ही समोर बसलीय ती. लेसच्या मशीनवरून उठून आली, हातात रीळ घेऊन. अर्धं गुजरातीत, अर्धं आपल्यात, रीळ सोडून, धागा ताणून असं समजावलं की मला कळलं. मला! त्यानंतर प्रत्येक अवघड जागी काजल. मशीन थांबायचं, काजल सांगायची, पुष्पा पुढे वाचायची. पुष्पा मला हळूच म्हणायची, "जिजी, माझी सून निम्मं पुस्तक आहे."

शेवटच्या दुपारी यान पोचलं. खाली जमीन आहे, पाणी आहे. म्हातारी दाराशी आली. आणि नातवंडं म्हणाली, आम्हाला नाही उतरायचं. हेच आमचं गाव. दाराच्या मुठीवर म्हातारीचा हात आहे, आणि तिथे पान संपलं. ओट्यावर केवढं भांडण! सरला म्हणे, पोरांचं बरोबर. मी म्हणे, दार उघडून बघा तरी, नाही आवडलं तर या परत. मग आम्ही विचारलं, "पुष्पा, तुझं मत?" धाग्याची खूण घालून पुस्तक मिटलं तिने. म्हणाली, "उद्या सांगते."

सकाळी चहा ठेवता ठेवता गेली.

दार उघडलं की नाही, तिलाही माहीत नाही, बायांनो. हेच मला लागलंय. ती पुढचं पान वाचून ठेवत नव्हती.

परवा ओट्यावर कोणी म्हणालं, नाव घेत नाही, सरला तू खाली बघू नको, की आता मोबाइलवर सिरियल लावू आणि धागे कापू. लावा. पण मोबाइल चष्म्यावरून आपले हात बघेल का? माझी बोटं सुजली तर तो कोणाला चहा पाजेल?

मी काजलला म्हटलं, पुढचं तू वाच. ती म्हणाली, "जिजी, मला नाही जमणार. मी गुजराती मीडियमची. आईंसारखं नाही येणार. लोक हसतील." बेटा, हसतीलच. तुझ्या सासूला अहिराणीतून बाहेर यायला किती दिवस लागले ते विचार नामदेवभाऊंना. पहिल्या पुस्तकात ती बोट ठेवून वाचायची, अडखळायची, आम्ही हसायचो. आणि पोटलं तिचंच कापायचो. तुझंही कापू. तुझ्या मशीनवरची लेस मी नाही लावू शकत, पण मीराला येते. मीरा, येते ना? हां, येते म्हणतेय.

पुस्तक सुनीलने परत करायला पिशवीत घातलं होतं. वाचनालयाचं आहे, परत तर करायचंच. पण वाचून. म्हणून मी ते काढून घेतलंय आणि इथे फोटोपाशी ठेवलंय. खूण आत तशीच आहे.

आता सभेची रीत आहे, उठून शांत उभं राहायचं. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी उठा. पण आमच्या ओट्यावर शांत व्हायची हाक निराळी होती. ती आज मी देणार नाही. मी ऐकणारी आहे.

काजल, इकडे ये. ये गं, डोळे पुसत ये, काही बिघडत नाही. आज वाचायचं नाहीये. सुनीलने मला दोन शब्द सांगितले होते, मी किती बोलले बघ. आपल्या ओट्यावरचे ते दोन शब्द तू बोल. त्यात तुझं मराठी कुठे अडत नाही. तू बोललीस की आम्ही सगळ्या गप्प होऊ, हात मांडीवर ठेवून, तिच्यासाठी. आणि उद्या दुपारी पोटलं आलं की तू ओट्यावर ये. दार उघडायचं की नाही ते आपण सगळ्या मिळून बघू.

हा घे माइक. जड नाही.

बोल बेटा.