चार वेळा दात घासणारी चिमी

मुलांच्या दवाखान्यात आमचा नंबर अठरावा होता. शेजारच्या बाकावर एक सासू, एक सून आणि दोघींच्या मध्ये चार वर्षांची चिमी.

"आई, खरं सांगा, तुम्ही हिला चोरून साखर देता ना?"

"कुठून देऊ? डब्याला कुलूप लावलंयस. माझा चहासुद्धा फिका झालाय."

"मग पंधरा दिवस गोड बंद करूनही ही रात्री अकरापर्यंत टक्क जागी कशी? डॉक्टर आता वही मागतील."

"काय लिहिलंयस वहीत?"

"घास न् घास लिहिलाय. गहू नाही, दूध नाही, साखर नाही. आणि एक चांगलं पण लिहिलंय. हल्ली स्वतःहून चार-चार वेळा दात घासते. झोपायला नेलं तरी उठून जाते. दर वेळी एक चांदणी चिकटवते मी तक्त्यावर."

"चार वेळा? मग तिचा ब्रश कायम कोरडा ठणठणीत कसा असतो गं?"

"म्हणजे?"

"आणि सोमवारी आणलेली ती स्ट्रॉबेरीची पेस्ट संपली कशी?"

"चिमे, इकडे बघ. पेस्टचं काय करतेस?"

"चाटते."

"किती?"

"पोट भरेपर्यंत."

"अहो आई, आता हे वहीत कुठे लिहू?"

"रात्रीच्या जेवणात लिही. चांदण्यांसकट."

"मम्मी, घरी गेल्यावर मी दात घासू?"

"खबरदार दात घासलेस तर!"

दोघी एकदमच ओरडल्या. समोरच्या बाकावरच्या सगळ्या आया वळून त्यांच्याकडे बघायला लागल्या.