नऊ मिनिटांचं गाणं

मलकापूर गाडीची वाट बघत कोल्हापूरच्या स्टँडवर बसलो होतो. शेजारी मांडीवर हलगी घेतलेला मामा आणि त्याचा कॉलेजातला भाचा. एकाच इअरफोनचं एक-एक टोक दोघांच्या कानात.

“सम्राट, गाणारा कुठं उलथलाय? पाच मिनटं झाली, नुसतं वाजवाय लागल्यात.”

“मामा, परदेशी बँडचं रॉक हाय हे. त्यात त्यांच्या गावाकडचा बाज मिसळलाय. असलं भारी गाणं, पण कोण ऐकतच न्हाय ओ!”

“नऊ मिनटं कोण ऐकंल?”

“गाण्यात बोलू नका की!”

“हलगी शेकली न्हाय ह्यानं.”

“हलगी न्हवं ती! परदेशातलं वाद्य हाय.”

“चामड्याचंच हाय न्हवं? जाळावर धरलं न्हाय तर ढिलं पडणारच. आता ऐक, आवाज बसला. मधी घुमंना म्हणून गडी कडंला वाजवाय लागला.”

“चार वर्सं ऐकतोय मामा. मला कधी कळलं न्हाय.”

“पडल्या आवाजातबी ताल सोडला न्हाय पठ्ठ्यानं. मागं घे जरा.”

“मामा, गाडी लागली! उठा!”

“मागं घे म्हटलं न्हवं?”

“जागा मिळायची न्हाय ओ!”

“गाण्यात बोलू नगंस.”