शेडमध्ये कोंबलेल्या चादरी

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या चॅपलच्या धर्मगुरू एलिसनबाई, व्यासपीठावर विराजमान झालेले मदतनीस-संस्थेचे व्यवस्थापक श्री. पिकप, आज निवृत्त झालेल्या आपल्या सत्कारमूर्ती डोरीन क्लेग, आणि या गारठलेल्या हॉलमध्ये कोट न काढता बसलेल्या माझ्या मित्रमंडळींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. माइक नको. मी सत्तावीस वर्षं शाळेत पोरांना जेवण वाढलंय, माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो.

डोरीनने एकोणीस वर्षं आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांना उठवलं, आंघोळी घातल्या, त्यांची बटणं लावली. गेली तीन वर्षं ती रोज सकाळी सातला माझ्या नवऱ्यासाठी, स्टॅनलीसाठी येत होती. त्याचे हातपाय थरथरतात, आणि मला एकटीला तो उचलवत नाही. मदतनीस आली तर स्टॅनली स्वतःच्या घरात राहतो, नाही आली तर वृद्धाश्रमात. उद्यापासून डोरीनच्या जागी दुसरी येईल, पण गोष्ट तीच.

आता ही मदत फुकट नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे. काउन्सिलची, म्हणजे आपल्या नगरपालिकेची, बाई घरी येते. पेन्शन, आजारपणाचा भत्ता, बँकेतली शिल्लक, सगळं विचारते. (घर हिशेबात धरत नाहीत हो, मार्जरी, उगाच घाबरू नकोस.) जगण्यापुरती रक्कम तुम्हाला सोडतात, आजारापायी होणारा जादा खर्च वजा करतात, आणि उरतं त्यातून मदतीचे पैसे तुम्ही द्यायचे. नियम म्हणून वाईट नाही. पण मंडळी, मला सांगा, घरी परकी बाई येणार असली की आपण काय करतो?

यंदा बाई येणार म्हणून मी दोन दिवस घर घासलं. स्टॅनलीला टाय बांधला. रोज भिजणाऱ्या चादरी, रबरी कापडं, हातमोज्यांची खोकी, सगळं मागच्या शेडमध्ये कोंबलं. ठेवणीतले कप काढले. बाईंनी विचारलं, "धुणं जास्त पडतं का?" मी म्हटलं, "छे हो, चारचौघांसारखंच." "आणि हीटिंग?" स्टॅनली म्हणाला, "आम्ही स्वेटर घालतो." आणि खोली अशी तापलेली की त्या बिचारीने कोट काढून ठेवला होता!

पत्र आलं. आठवड्याला ब्याण्णव पौंड आम्ही भरायचे. स्टॅनलीने ते दोनदा वाचलं आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "विनी, त्यांना नको म्हणून कळव. मी जातो आश्रमात. तुझी कंबर तरी वाचेल." एक्कावन्न वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याकडे न बघता कधी बोलला नव्हता. मी नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी डोरीन साबण शोधायला शेडमध्ये गेली, ती कंबरेवर हात ठेवूनच परत आली.

"अगं बाई, हे तिला दाखवलं नाहीस?"

"लाज वाटली गं."

"लाज वाटली? मग भर आता लाजेचे ब्याण्णव पौंड! नवरा घरातून गेला तरी चालेल, पण कुणी चादर बघायला नको!"

तिने मला वही आणून दिली. किती धुणी, किती हातमोजे, दवाखान्याची टॅक्सी, सगळं लिहायला लावलं. फेरतपासणीचा अर्ज भरायलाही तिनेच मला बसवलं. काउन्सिलमधून फोन आला, "वही कुणीही लिहील, पाहणारं कुणी आहे का?" पाहणारी होतीच की! रोज सकाळी सातला!

पण आपले श्री. पिकप. यांनी डोरीनला लेखी ताकीद दिली, की गिऱ्हाइकांच्या पैशांच्या बाबतीत नाक खुपसू नये, नाहीतर नोकरी जाईल. खाली बघू नका साहेब, मी ते पत्र वाचलंय. डोरीनने नाही दाखवलं, तिच्या बहिणीने दाखवलं. एकोणीस वर्षांच्या सेवेची शाबासकी म्हणे ही! खरं बोलणं म्हणजे नाक खुपसणं असेल, तर या गावात आणखी चार नाकं हवीत. आणि तुम्ही, जे "आमचं बरं चाललंय" म्हणून घरी कुढत बसलाय, तुम्हीही पुरे करा आता. ते खर्च वजा करून मागणं म्हणजे भीक नव्हे.

डोरीनची नोकरी आज पाच वाजता संपली. आता साडेसहा झालेत. फेरतपासणी मंगळवारी दहा वाजता आमच्या घरी आहे. डोरीन स्टॅनलीच्या शेजारच्या खुर्चीत बसेल आणि तीन वर्षं काय पाहिलं ते सांगेल. ताकीद द्यायची असेल तर कुणाला देणार?

हॉल दिल्याबद्दल चॅपलची, आत खिमा भरलेले मीट पाय भाजल्याबद्दल महिला मंडळाची आणि डोरीनची, अगदी मनापासून, मी आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर या म्हातारीला पदरात घ्या. श्री. पिकप, तुम्ही नाही घेतलंत तरी डोरीन मंगळवारी येणार आहे.