एका अणूची उघाडी

मी कमळाकर दिनानाथ ठाकूर, राहणार रोहा, वय वर्षे शहात्तर, शिक्षण सातवी आणि त्यापुढचे सर्व स्वतः वाचून, हे आधीच सांगतो, कारण डोलवीकडच्या एका वाचनालयात माझा परिचय करून देताना चिटणीस प्रविण म्हणाला, "काका टाइमपास म्हणून वाचतात." चाळीस वर्षांचे वाचन, आणि टाइमपास... पण तुम्हाला सांगतो, मी संयम सोडला नाही.

आयुष्यातले पहिलेच व्याख्यान ते, आणि जमले तर दरमहा एक, असे ठरलेले. म्हणजे मला अखेर श्रोते मिळणार! विषय अतिसंवाहक: असे धातू, की अतिशय थंड केले तर वीज विनाविरोध वाहू देतात, त्यातही अगदी ताजे संशोधन, की अशा शिशाच्या दोन टोकांमध्ये एकच योग्य अणू बसवला, तर प्रवाह एका दिशेने सुखाने जातो, उलट दिशेने नाही. इतक्यात मागच्या रांगेतला कुणी जनू विचारतो, "काका, किती थंड? मच्छीवाल्यांचा बर्फ चालंल काय?" उणे दोनशे बहात्तर अंश आणि मच्छीवाल्यांचा बर्फ! मी संयम सोडला नाही.

चेहरे कोरेच राहिले, म्हणून मी खारबांधाच्या उघाडीचा, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दाराचा, दाखला दिला: ओहोटीला शेतातले पाणी दार लोटून खाडीत जाते, भरतीला खाडीचे पाणी तेच दार दाबून बंद करते, थेंबही आत येत नाही, तसाच हा अणू. माना डोलल्या. मी तिथेच थांबायला हवे होते, नाही का? पण तेवढ्यात बायजाबाई उठल्या. उघाडीची राखण त्यांच्या घराकडे, तीन पिढ्या.

"थेंब येत नाय? मास्तर, तुमी कवा उघाडीवर आलाव?"

"बाई, मी मास्तर नाही, आणि हे तत्त्व आहे."

"तत्त्व ऱ्हाऊ दे. बारीक पानी फटीतून दोनी बाजूंनी गपचूप जातं-येतं. मधलं पानी दार अडवतं. आन् उधान आलं की खाडी दाराला धडका देत देत आत घुसतेच. व्हय की नाय रं?"

"व्हय, व्हय," सगळे सभागृह! पुढे अर्धा तास प्रश्न त्यांनाच. मी पाण्याचा पेला हातात धरून उभा, आणि तरीही... संयम.

घरी येताच बाईंचे खंडन लिहायला घेतले, आधारासाठी ते संशोधन छापून आलेले मासिक उघडले. आणि तिथे, मी स्वतः अधोरेखित केलेल्या परिच्छेदात, छापलेले: लहान प्रवाह दोन्ही दिशांनी विनाविरोध, मधला एकाच दिशेने, मोठा असेल तर दोन्हीकडून जातो, पण विरोध सोसत. तीनदा वाचला होता मी तो परिच्छेद. तीनदा! खंडन फाडले, प्रविणला फोन करून चूक सांगितली. तो म्हणाला, "काका, मग पुढल्या महिन्यात या, पण आधी बायजाआजीला दाखवून घ्या."

त्यानंतर बदलले ते इतकेच: व्याख्यान दरमहा होते, आणि आदल्या दिवशी मी उघाडीवर जाऊन मसुदा बायजाबाईंना वाचून दाखवतो. मसुदा चाळीस मिनिटांचा असतो. मागचे व्याख्यान अकरा मिनिटांत संपले.