भाकरीत काही नव्हतं

अक्षता : ...जीन टेस्टचा रिपोर्ट चुकलेला नाही, आई. पेजेची वाटी बाजूला ठेव आणि मावशीच्या दिशाला फोन लाव.

वनमाला : काल केमो घेऊन आलीस आणि आल्यापासून ओरडतेयस. आधी दोन घोट घे.

अक्षता : ओरडणारच! आजी पोट फुगून गेली. मावशी पोट फुगून गेली. माझं पोट फुगायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला कॅन्सर होता का? तू शेजारी बसून म्हणालीस, "आमच्यात कोणाला नाही."

वनमाला : नव्हताच. तुझ्या मावशीला सासूने भाकरीतून काहीबाही घातलं होतं. गावच्या भगताने सांगितलेलं.

अक्षता : भगताने बायोप्सी केली होती?

वनमाला : चेष्टा नको गो.

अक्षता : मग ऐक. पेशीत रोज काहीतरी मोडत असतं. ते दुरुस्त करणारा एक जीन माझ्यात जन्मापासून बिघडलेला. दुरुस्ती नाही, त्यामुळे बिघाडावर बिघाड चढत गेले. शेवटी त्या पेशी ओव्हरीतून सुटल्या, पोटातल्या पाण्यात तरंगल्या, आतड्यावर, चरबीच्या पडद्यावर, मिळेल तिथे चिकटल्या. कळलं, एवढ्या झटपट का पसरला?

वनमाला : जन्मापासून... म्हणजे माझ्याकडून.

अक्षता : आजीकडून तुला, तुझ्याकडून मला.

वनमाला : मग दे शिव्या मला.

अक्षता : त्याच्यासाठी नाही गं! ते काय तू निवडून दिलंस? पण तोंड होतं ना तुला? डॉक्टरसमोर गप्प, आणि मावशीच्या मयताला "सासूने घातलं" म्हणून अख्ख्या चारकोपला ऐकू जाईल एवढा आवाज!

वनमाला : माझी बहीण गेली होती. कोणावर तरी ओरडायचं होतं मला.

अक्षता : आणि दिशाने ते खरं धरलं. मी तिला सांगितलं, टेस्ट कर, तुझ्यातही हा जीन असू शकतो. तर मला म्हणते, "माझ्या आईला आजार नव्हता, तिला माझ्या आजीने भाकरीतून घातलं होतं. वनमालामावशीनेच सांगितलंय." आता बोल!

वनमाला : तू समजाव ना. शिकलेली आहेस.

अक्षता : माझं ऐकत नाही ती, तुझं ऐकते! तिला अजून काही झालेलं नाही, आई. आत्ता कळलं तर वेळेत दोन्ही ओव्हरी काढता येतात, धोका कितीतरी कमी होतो. मला ती वेळच मिळाली नाही.

वनमाला : बहिणीच्या त्या म्हाताऱ्या सासूसमोर खोटी पडू मी? मासळीबाजारात तोंड फिरवून जाते मी तिच्यासमोरून.

अक्षता : पड खोटी! दिशाला माझ्या बाजूच्या खाटेवर बघायचंय का तुला?

वनमाला : ...आण तो फोन.

(फोन स्पीकरवर.)

द्रौपदी : हॅलो? दिशा आंघोळीक गेली हा. कोण बोलता?

अक्षता : दिशाची आजी आहे. ठेवू नकोस, आई. बोल.

वनमाला : काकी... मी वनमाला.

द्रौपदी : काय काम आसा?

वनमाला : काकी, माझ्या अक्षताला झालाय. बहिणीला होता तोच. आमच्या रक्तातून आलाय. तुमच्या भाकरीत काही नव्हतं.

द्रौपदी : ता माका म्हायत आसा गो. दिशाक सांग. आजून माझ्या हातचा खाणा नाय ती.